ऐन हंगामात कावीळ झालेल्या बागायतदाराला: ताओ आजारपणाबद्दल काय सांगतो

तुमचा प्रश्न रात्री वाचला आणि सकाळी पुन्हा वाचला. वय 36, देवगडच्या बाजूला हापूसची बाग, होळीच्या आसपास कावीळ झाली, आता पाचवा आठवडा. अर्धी बाग मिळेल त्या खंडाने देऊन टाकावी लागली. भेटायला येणारे 'पॉझिटिव्ह राहा' म्हणून उठतात. पुण्याच्या मित्राने ताओवादातलं, म्हणजे चीनमधल्या जुन्या विचारपरंपरेतलं म्हणून एक वाक्य पाठवलं, की आजार हा गुरू असतो. आणि तुमचं शेवटचं वाक्य असं: "मी रोज पडल्यापडल्या शोधतोय की यातून मी काय शिकायचं आहे, पण चिडीशिवाय हाताला काही लागत नाही. माझं काही चुकतंय का?"

चुकत काही नाही. पण तुम्हाला ज्या वाटेने शोधायला लावलंय ती वाट ताओची नाही, असं मला वाटतं. का, ते जरा सविस्तर सांगतो.

आधी मी कोण ते. मी 27 वर्षं व्यापारी जहाजांवर इंजिनरूममध्ये काढली. 1993 मध्ये आमचं जहाज दुरुस्तीसाठी सिंगापूरला लागलं होतं. तिथल्या एका बागेत पहाटे 'ताई ची', म्हणजे संथ हालचालींचा चिनी व्यायाम, करणारे एक आजोबा भेटले. पहिले हातपाय त्यांनी शिकवले आणि ताओवादाचा मूळ ग्रंथ, लाओत्से या प्राचीन चिनी गुरूचं 'ताओ ते चिंग', हेही त्यांनीच इंग्रजीत हातात ठेवलं. 81 छोटे छोटे अध्याय. ते पुस्तक तेव्हापासून माझ्याबरोबर आहे. 2010 ला बोट सोडून आचऱ्याला घरी आलो, तेव्हापासून सकाळी आठ-दहा जणांना ताई ची शिकवतो. गुडघे, साखर, बीपी, पाठ, असं काही ना काही घेऊन आलेली ही माणसं. मी डॉक्टर नाही, वैद्यही नाही. पण आजारी माणसांच्या सोबतीत रोज असतो आणि एकदा स्वतः मरता मरता वाचलो आहे. ते पुढे सांगतो.

सगळ्यात आधी यकृताचं बोलू. कावीळ कुठल्या प्रकारची ते तुम्ही लिहिलं नाहीत, आणि पुष्कळसं त्यावरच अवलंबून आहे. ए किंवा ई असेल, म्हणजे दूषित पाण्यातून किंवा खाण्यातून आलेली, तर बहुतेकांची काही आठवड्यांत आपली आपण उतरते. बी किंवा सी रक्तावाटे येते, वर्षानुवर्षं अंगात राहू शकते, तिचे उपचार वेगळे. रक्त तपासलं की हे कळतं. तपासलं नसेल तर उद्याच तपासा. गळ्यात कुणी माळ घातली असेल तर राहू दे, पण डॉक्टरांना न सांगता पोटात काही घेऊ नका. झाडपाल्याचा रस नको, कुणी आणून दिलेली पुडी नको. सुजलेल्या यकृताला तोही भार असतो. तापाची साधी गोळीसुद्धा विचारून घ्या. आणि गुंगी यायला लागली, बोलणं असंबद्ध झालं, उलट्या थांबेनात, कुठून रक्त दिसलं, तर विचार करत बसायचं नाही, गाडी काढायची.

यातच माझ्या विषयाचं एक सूत्र आहे. ए प्रकारच्या काविळीवर विषाणू मारणारं खास औषध नाही, ई झालेल्यांपैकीही बहुतेकांना लागत नाही. मग डॉक्टर काय करतात? रक्तातलं बिलिरुबिन (ज्याने डोळे पिवळे होतात ते) बघतात, एसजीपीटी (यकृताची सूज सांगणारा आकडा) बघतात, पोटात पाणी आणि अन्न जातंय ना ते बघतात, दारू बंद करतात आणि थांबतात. यकृत स्वतःला स्वतः बरं करतं. डॉक्टरांचं हे थांबणं म्हणजे दुर्लक्ष नव्हे, त्यांची नजर सतत आकड्यांवर असते. लाओत्से ज्याला 'वू-वेइ' म्हणतो, ते मला याहून सोप्या उदाहरणाने सांगता येणार नाही. त्याचं भाषांतर 'काही न करणं' असं करतात म्हणून ते आळसासारखं वाटतं. जे आपल्या गतीने होतंय त्यात हात घालायचा नाही, पण डोळे उघडे ठेवून तिथे हजर राहायचं, एवढंच ते आहे. म्हणजे तुम्ही पाच आठवडे नेमकं तेच करताय. फक्त ते तुम्हाला कुणी सांगितलं नाही.

आता तुमच्या शोधाकडे येतो. तुम्ही आंब्यातले आहात, तुम्हाला अढीचं वेगळं सांगायला नको. गवतात आंबा लावला की आपण दर तासाला तो काढून अंगठ्याने दाबत नाही. दाबला तर त्या जागी काळा पडतो. तुम्ही मात्र पाच आठवडे स्वतःला दाबून बघताय. शिकलो का? बदललो का? सापडलं का काही?

ही घाई कुठून आली असेल, यावर मी बराच विचार केला. तुमच्या लिहिण्यात मला ऐकू आलेला प्रश्न वेगळाच आहे. तोडणी चालू आहे आणि आंबे उतरवायचा झेला दुसऱ्याच्या हातात आहे. पेट्या दुसरा कुणी भरतोय. म्हातारी आई उठून तुमच्या हातात पाण्याचा तांब्या देतेय. झाडाखाली उभा नाही तो बागायतदार कशाचा, असं आतून कुणीतरी विचारतंय. मग या पडून राहण्याच्या बदल्यात काहीतरी दाखवायला हवं. तो 'धडा' म्हणजे बुडालेल्या हंगामाची भरपाई आहे. तुम्ही आजारपणालासुद्धा कामाला लावलंय, त्यानेही पेट्या भरून द्यायला हव्यात! चीड येणार नाही तर काय होईल?

मी जे सांगतोय ते सगळ्यांना सारखं लागू नाही, हेही कबूल करतो. तुमचा आजार बहुधा उतरणारा आहे. ज्याचा उतरणारा नाही, ज्याला रोज रात्री कळा येतात, त्याच्याशी मी असं बोलणार नाही. त्याच्याजवळ फक्त बसेन. लहान मूल आजारी असेल तर त्याच्या आईबापांना 'यात काय शिकण्यासारखं आहे' असं विचारणं मला क्रूरपणा वाटतो. घरात उद्याच्या तांदळाची चिंता असेल तर आधी तांदूळ. ताप 104 असताना कुठलंही तत्त्वज्ञान सुचत नाही, सुचायची गरजही नाही. आणि दिवसचे दिवस रडू येत असेल, जगायलाच नको असं वाटत असेल, तर तो वेगळा आजार आहे, त्याला वेगळा डॉक्टर आहे. तिथे ताओचं पुस्तक मिटून ठेवायचं.

मित्राने पाठवलेलं वाक्य 'ताओ ते चिंग'मध्ये नाही. त्याच्या जवळ जाणारं आहे ते 58 व्या अध्यायात. अरिष्टाला टेकून सुख बसलेलं असतं आणि सुखाच्या पोटात अरिष्ट दडलेलं असतं, असा त्याचा अर्थ. लोक पहिलं अर्धं सांगतात आणि आजाऱ्याला धीर देतात. दुसरं अर्धं गाळतात, आणि त्याच्या लगेच पुढे लाओत्से जे विचारतो तेही गाळतात: याचा शेवट कुठे, कुणाला ठाऊक? तो भल्याचं वचन देत नाही. एवढंच म्हणतो की आत्ताच हिशेब मांडू नकोस, वही अजून उघडी आहे.

ताओ म्हणजे एकच एक मत, असंही नाही. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात आजच्या सिच्वान भागात झांग दाओलिंगने एक पंथ सुरू केला. त्या पंथात आजाऱ्याला शांत खोलीत बसवून त्याच्या चुका आठवायला लावत. कबुलीची तीन पत्रं लिहीत. एक डोंगरावर ठेवायचं, एक जमिनीत पुरायचं, एक पाण्यात सोडायचं. अनुयायांनी पाच मापं तांदूळ द्यायची रीत होती, त्यावरून त्या पंथाला नावही पडलं. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. घरात कुणी अंथरुणाला खिळलं की आपल्याकडेही 'देवाचं काही राहिलंय काय' हा प्रश्न निघतो, गाऱ्हाणं घालतात, कौल लावतात. गाऱ्हाण्याने घरातल्यांचं मन हलकं झालेलं मी पाहिलंय, त्याला नावं ठेवणार नाही. पण आजार ही शिक्षा आहे, हे मी मानत नाही.

इथे मला ताओ परंपरेतला दुसरा मोठा विचारवंत, च्वांगत्से, जवळचा वाटतो. तो इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातला. त्याच्या नावाच्या ग्रंथात 19 व्या अध्यायात दोन माणसांची गोष्ट आहे. शान बाओ डोंगरकपारीत राहायचा, पाणी पिऊन असायचा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. सत्तरीतही त्याची कांती तान्ह्या बाळासारखी. त्याला वाघाने खाल्लं. झांग यी मोठ्या मोठ्या घरांत ऊठबस ठेवून होता, तो चाळिशीत आतल्या तापाने गेला. एकाने आतलं सांभाळलं, दुसऱ्याने बाहेरचं, आणि दोघांनाही राहिलेल्या बाजूने गाठलं. जीव सांभाळणं हे मेंढरं राखण्यासारखं आहे, असं तिथे म्हटलंय. कळपातलं जे मागे पडतंय त्याच्याकडे बघ आणि त्याला पुढे हाक.

आजारपणातून जो काही उपयोगाचा धडा निघतो तो मला या एवढ्या आकाराचा वाटतो. मागे काय पडलं होतं? तुमच्या बाबतीत ते कदाचित अगदी साधं असेल. बागेतली विहीर शेवटची कधी उपसली? पाणी निर्जंतुक करणारी टीसीएल पावडर कधी टाकली होती? राखणदार आणि तोडणीचे गडी कुठलं पाणी पितात? उत्तर सापडलं तर तो धडा आहे, आणि तो विहिरीबद्दलचा आहे. तुमच्या स्वभावाबद्दलचा नाही, पूर्वजन्माबद्दलचा तर नाहीच.

औषधाचंही सांगून टाकतो, कारण 'निसर्गावर सोडा' म्हणत औषध टाळणारे लोक ताओचं नाव घेतात. गे होंग हा चौथ्या शतकातला नावाजलेला ताओवादी. त्याने तातडीच्या उपचारांचं एक पुस्तक लिहिलं. ते घरात जवळ ठेवायचं म्हणून. त्यात हिवतापावर एक वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून रस प्यायला सांगितलंय. उकळायला नाही. तू यूयू या चिनी संशोधक बाईंना त्या ओळीवरून सुचलं की उष्णतेने औषधाचा गुण जात असावा. त्यांनी कमी तापमानाला अर्क काढला आणि त्यातून आर्टेमिसिनिन हाती आलं. 2015 चं नोबेल त्यांना त्यासाठी मिळालं. तेव्हा ताओवादी माणूस औषध घेतो. लिहूनही ठेवतो.

आता माझं.

2012 च्या जुलैत लावणीला मी स्वतः चिखलात उतरलो. बोटीवर इतकी वर्षं गेल्यावर त्याची हौस होती. डाव्या तळव्याला चीर होती. लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप, आपल्या जिल्ह्यात काय करतो हे मला माहीत होतं. उंदरांच्या, गुरांच्या मुतातून ते जंतू शेतातल्या पाण्यात येतात आणि कापल्या-चिरल्या कातडीतून अंगात शिरतात. तो होऊ नये म्हणून घ्यायच्या डॉक्सीच्या गोळ्या आशाताई घरी देऊन गेल्या होत्या. त्या देवळीत तशाच राहिल्या. मला वाटायचं, वीस वर्षांची साधना आहे, माझं अंग मला कळतं.

ताप आला. पोटऱ्या अशा दुखू लागल्या की पांघरुणाचं वजन सहन होईना. मी काय केलं असेल? चौथ्या दिवशी पहाटे उठून पडवीत उभा राहिलो आणि चाळीस मिनिटं ताई ची केली. ताप घामाने जाईल म्हणून! बायकोने आरसा समोर धरला. डोळे लालभडक. तिने रिक्षा बोलावली. आरोग्य केंद्रातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी नुसती पोटरी दाबली आणि मी ओरडलो. त्यांनी त्याच दुपारी पुढे धाडलं. मूत्रपिंडं बंद पडत आली होती. तीन वेळा डायलिसिस झालं, 19 दिवस रुग्णालयात काढले.

त्यानंतर घरी पडून असताना मी 71 वा अध्याय उघडला. तो अगदी लहान आहे, आणि त्यात 'बिंग' म्हणजे आजार हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. आपल्याला माहीत नाही हे माहीत असणं उत्तम. माहीत नसताना माहीत आहे असं वाटणं, हा आजार. जो या आजाराला आजार म्हणतो तो आजारी राहत नाही. हा अध्याय मी कितीदा तरी वाचला होता, इतरांना समजावूनही सांगितला होता. पण तापात पडवीत उभा राहिलेला माणूस तोच आजार घेऊन उभा होता, लेप्टोच्याही आधीचा. हे कळायला मला शोधावं लागलं नाही. तेव्हा माझ्यात काही शोधण्याची ताकदच नव्हती.

दुसरी गोष्ट त्याहून लहान आहे, पण मला ती जास्त मोलाची वाटते.

शेजारच्या घराशी आमचं बांधावरून बोलणं बंद होतं. दोन वर्षं. एका फणसाच्या झाडावरून. मी घरी आलो तेव्हा श्रावण चालू होता आणि पाऊस आठवडाभर उघडला नव्हता. बायको मला सांभाळून, गुरं सांभाळून थकून गेलेली. एका सकाळी शेजारचा मुलगा इरलं घेऊन दारात उभा. हातात पितळेची टोपली, म्हणजे लहान टोप, तिच्यावर केळीचं पान, पानाभोवती सुतळी. "आवशीन पेज धाडल्यान," म्हणाला. आणि आत येता येता, "मीठ घालूक नाय हा."

मीठ बंद आहे हे त्या बाईने कुणाला तरी विचारलं होतं. आमच्याशी बोलत नव्हती, पण विचारलं होतं. मी पेजेचा पहिला घोट घेतला. ती अळणी होती आणि गरम होती. मला ती गिळेना, कारण घेणं मला जमत नव्हतं. त्या क्षणापर्यंत मी स्वतःला पाण्यासारखा माणूस समजत होतो. लाओत्से पाण्याची थोरवी गातो ती ते खालच्या जागी जातं म्हणून, जिथे जायला कुणी तयार नसतं. मी कधी खाली गेलोच नव्हतो. मदत करायचो, सल्ला द्यायचो, शिकवायचो. घ्यायचो नाही. पुढे 23 दिवस रोज ती टोपली आली, आणि रोज ती घेताना आत काहीतरी थोडं थोडं सैल होत गेलं. धडा म्हणायचं तर तो हा. पण तो मला तेव्हा 'पॉझिटिव्ह' वाटला नव्हता, लाज वाटली होती. चांगलं म्हणायला दोन-तीन वर्षं गेली.

आणि मग च्वांगत्सेच्या सहाव्या अध्यायाचा शेवट मला नव्याने दिसला. त्झ-यू आणि त्झ-सांग असे दोन मित्र. दहा दिवस सारखा पाऊस पडतो. त्झ-यू म्हणतो, त्झ-सांगचं काही खरं नाही. इथेही शब्द तोच, 'बिंग'. तो भात बांधून घेतो आणि मित्राला खायला घालायला निघतो. दारात पोचतो तर आतून तंतुवाद्याबरोबर आवाज येतोय, गातोय की रडतोय कळत नाही. बापा? आई? आकाश? माणूस? आवाज पेलवत नाहीये, शब्द धापा टाकत येतायत. त्झ-यू आत जाऊन विचारतो, असं का गातोस? तो म्हणतो, मला या हालाला कुणी आणलं ते शोधतोय आणि सापडत नाही. आईबापांना मी असा व्हावा असं का वाटेल? आकाश सगळ्यांवर सारखं पसरलंय, धरती सगळ्यांना सारखं पेलते, ती मला एकट्याला का निवडतील? करणारा शोधला, मिळाला नाही. तरी मी इथवर आलोय. तेव्हा हे असंच आहे.

तिथेच अध्याय संपतो. त्याने भात खाल्ला की नाही तेही सांगितलेलं नाही.

या गोष्टीत धडा शोधणारा माणूस आहे, तुमच्यासारखाच, आणि त्याला काही सापडत नाही. च्वांगत्से त्याला चूक म्हणत नाही. तो 'हे असंच आहे' म्हणतो त्याला चिनीत 'मिंग' म्हणतात. भाषांतरात नशीब म्हणतात, पण आपण कपाळाला हात लावून नशीब म्हणतो तसं ते नाही. आरोपी शोधणं थांबतं, तेवढंच. आणि तो थांबेपर्यंत भात दारात आलेला असतो.

अजून एक. याच अध्यायात थोडं आधी एक त्झ-यू आजारी पडलेला आहे. पाठीला कुबड, हनुवटी बेंबीपाशी, खांदे डोक्याच्या वर. तो लंगडत विहिरीपर्यंत जातो आणि स्वतःचं रूप पाण्यात बघतो. मित्र विचारतो, तुला याचा राग येतो? तो म्हणतो, नाही. माझा डावा हात कोंबडा झाला तर मी त्याच्याकडून पहाटेची बांग घेईन. दोन्हीकडे नाव एकच आहे. ग्रंथ म्हणत नाही की हा तोच, पण मला तो एकच माणूस वाटतो. स्वतः त्यातून गेलेला, म्हणून पाऊस थांबेना तेव्हा भात बांधून घेण्याचं त्याला सुचलं.

इथवरचं थोडक्यात असं, की आजाराची कारणं शोधा पण ती विहिरीत शोधा. औषध घ्या, तपासण्या करा. धडा शोधणं आजपासून थांबवा. आणि चीड आहे तर असू द्या.

चिडीचं काय करायचं ते मात्र सांगतो, कारण पाच आठवडे ती घेऊन झोपणं सोपं नाही. पहाटे, घरात हालचाल सुरू होण्याआधी, पाठीवर झोपा. गुडघ्यांखाली उशी. दोन्ही तळहात बेंबीच्या खाली. श्वास लांबवू नका, रोखू नका, मोजू नका. तो येतो-जातो ते हातांना कळू द्या, बस. दहा मिनिटं. मध्येच चीड उठेल. खंडाचे पैसे, मार्केटचा भाव, कुणाचं तरी बोलणं आठवेल. तेव्हा विचाराच्या मागे जाऊ नका, अंग कुठे आवळलंय ते बघा. बहुतेकांचा जबडा आवळतो. माझे खांदे. तिथे नुसतं लक्ष गेलं तरी पुष्कळदा सुटतं, नाही सुटलं तरी राहू द्या. जिवंतपणी माणूस मऊ असतो, मेल्यावर ताठ होतो, असं 76 व्या अध्यायात आहे. तेवढा मऊपणा अंगात राहिला तरी खूप. याने यकृत बरं होईल असं मी म्हणत नाही. झोप थोडी सुधारते, आणि घरच्यांवर ओरडायच्या आधी एक श्वास मिळतो.

दुसरं, पुढच्या दिवसांसाठी. आकडे खाली आले की तुम्ही दुसऱ्या दिवशी बागेत पळाल, हे मला दिसतंय. नका करू. जहाज बंदराला लागलं की जहाज चालवतात त्या ब्रिजवरून 'फिनिश्ड विथ इंजिन्स', म्हणजे इंजिनाचं काम संपलं, असा निरोप खाली येतो. तेव्हा आम्ही सगळे पंप एकदम बंद करत नाही. टर्निंग गिअर लावून शाफ्ट हळूहळू फिरता ठेवतो, वंगणाचं तेल आणि जॅकेटचं, म्हणजे इंजिनाभोवती फिरणारं पाणी चालू ठेवतो, कारण तापलेलं लोखंड एका बाजूने निवलं की त्यात ताण येतो. सुरू करतानाही आधी जॅकेटचं पाणी गरम करून इंजिनाला ऊब धरू देतात, तासनतास. काविळीनंतरचा थकवा रिपोर्ट चांगला आल्यावरही काही आठवडे राहतो. पहिल्या आठवड्यात फाटकापर्यंत जा आणि परत या. दुसऱ्या आठवड्यात पहिल्या कलमापर्यंत. बसायला खुर्ची आधी नेऊन ठेवा.

त्या कलमाखाली बसाल तेव्हा वर बघा. बागेत एखादं तरी जुनं झाड असेल जे एक वर्ष भरभरून लागतं आणि दुसऱ्या वर्षी नुसती पालवी काढतं. हापूसचा स्वभावच तो आहे. आता आपण कल्टार घालून दरवर्षी मोहोर आणतो, आणि आळ्यात शेणखत-पाणी नीट पडलं तर झाड ते निभावून नेतं. पण खायला न घालता नुसता मोहोरच काढत राहिलं तर त्या झाडाचं काय होतं, हे तुम्ही मला शिकवाल. गेल्या काही वर्षांत तुम्ही एक तरी हंगाम पालवीवर काढलात का? हा माझा प्रश्न आहे. उत्तर मला द्यायची गरज नाही.

आणि आई पाणी घेऊन आली की तांब्या तिच्या हातून घ्या. 'मी घेतलं असतं' म्हणू नका.

रक्ताचा पुढचा रिपोर्ट आला की बिलिरुबिनचा आकडा इथेच लिहा, कावीळ कुठल्या प्रकारची तेही. विहिरीत टीसीएल टाकायचं ग्रामपंचायतीत आजच कुणाकडून तरी सांगून ठेवा, पाऊस लागायच्या आत. जूननंतर अंगात ताकद आली आणि आचऱ्याच्या बाजूला येणं झालं तर सकाळी सात वाजता या. आमचं संपल्यावर सगळे मिळून पेज खातो. मीठ चालतं की नाही, ते तेवढं आधी कळवा.